हबातले जावईबापू

रविवारी सकाळी सव्वासात वाजता प्रदीपच्या गाडीचं पुढचं डावं चाक निघालं, तेव्हा सगळं अगदी ठरल्याप्रमाणे चाललं होतं. साडेआठला माढ्याला निघायचं होतं. प्रदीपचा मेहुणा सुगत यानं तिथं नवं घर बांधलं होतं आणि आज त्याचा गृहप्रवेश होता. साडेअकराला भन्तेजी वंदना घेणार, मग जेवणं. सुगतचे आईवडील, म्हणजे प्रदीपचे सासू-सासरे, कुर्डुवाडीला राहायचे. कुर्डुवाडीहून माढा अगदी जवळ. तरी ते दोघं शनिवारी संध्याकाळी उलट्या दिशेनं सोलापूरला आले होते. "लेकीला भेटून, तिच्याबरोबरच जाऊ," असं सासरे फोनवर म्हणाले होते. प्रदीपला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

वावगं वाटलं ते त्यांना स्टेशनवरून घरी आणताना. पहिल्याच सिग्नलला गाडीच्या पुढच्या चाकातून 'कर्रर्र' असा आवाज आला. हा आवाज गेले तीन आठवडे येत होता आणि प्रदीप गाणी मोठ्यानं लावून तो ऐकत नव्हता. पण शेजारी बसलेले त्रिंबकराव चौतीस वर्षं कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होते. त्यांनी हात पुढे करून गाणं बंद केलं.

"ब्रेकचं पॅड संपलं," ते म्हणाले. "आता लोखंडावर लोखंड घासतंय. उद्या ही गाडी माढ्याला न्यायची न्हाय."

"मामा, सोमवारी मेकॅनिककडे टाकतो की," प्रदीप म्हणाला.

"मेकॅनिक कशाला? चौतीस वर्षं रेल्वेचं डबं थांबवल्यात म्या. ही तर चार चाकाची डबी हाय. आन् तुमी तर हबातलेच."

हे 'हबातलेच' ऐकलं की प्रदीप विषय बदलायचा. बारा वर्षांपूर्वी लग्न जमवताना मध्यस्थानं सांगितलं होतं, "पोरगा चिंचोळी एमआयडीसीत हाय. गाड्यांच्या चाकात हब असतो बघा, त्यो तितं बनतो." हे खरं होतं. चाक ज्याच्यावर बसतं आणि फिरतं तो हब त्या कारखान्यात बनत होता. पण प्रदीप होता डिस्पॅचला. तयार झालेले हब मोजायचे, खोक्यात घालायचे, खोक्यावर चिठ्ठी चिकटवायची आणि ट्रकवाल्याची सही घ्यायची. बारा वर्षांत त्यानं लाखांनी हब पाहिले होते, पण गाडीत बसवलेला एकही नाही. त्रिंबकराव मात्र कुर्डुवाडीत चारचौघांना सांगत, "आमचे जावईबापू हबातले हायेत." अशा माणसानं मेकॅनिककडे जायचं म्हणजे काय? प्रदीपनं वाटेतल्या इमामसाबच्या स्पेअर पार्टच्या दुकानासमोर मुकाट्यानं गाडी थांबवली आणि पुढच्या दोन्ही चाकांचे पॅड घेतले.

तर रविवारी सकाळी डावं चाक निघालं. त्रिंबकरावांनी समारंभाला येताना कपड्यांची एक आणि हत्यारांची एक, अशा दोन पिशव्या आणल्या होत्या. कपड्यांची लहान होती. काम करताना त्यांचे हात बघत राहावेत असे चालत. चाक गंजून चिकटलं होतं, ते त्यांनी टाचेच्या दोन ठोक्यांत सुटं केलं. कॅलिपरचा खालचा बोल्ट काढून ते वर उचललं. "हा चिमटा समजा," ते म्हणाले. "ह्यो दोन पॅडांमधी ह्या थाळीला धरतो, म्हणून गाडी थांबते." जुने पॅड झिजून पापडासारखे झाले होते. पॅडला ढकलणारा पिस्टन शिकंज्यानं हळूहळू आत दाबला, नवे पॅड बसवले, बोल्ट आवळला. मग प्रदीपला गाडीत बसवून म्हणाले, "आता पॅडल मारा चार-पाच डाव. म्हंजी पॅड जागेवर बसत्यात."

प्रदीपनं पॅडल मारलं. पहिल्यांदा पाय थेट खाली गेला, चौथ्यांदा कडक लागला. घड्याळात पावणेआठ.

"अर्धं काम झालं," प्रदीप आनंदानं म्हणाला. "मामा, साडेआठला गाडीत!"

त्रिंबकराव हात पुसून पाणी प्यायले, चहा मागवून तो बशीत ओतून प्यायले, आणि उजव्या चाकाकडे गेले. त्यांचा वेग इथून पुढे का कमी झाला, हे प्रदीपच्या लक्षात येत नव्हतं. चाक वर उचलून झाल्यावर त्यांनी ते हातानं गरकन फिरवलं. मग एक लांब स्क्रू ड्रायव्हर घेऊन त्याचं टोक चाकामागच्या लोखंडाला लावलं आणि मूठ कानाला.

"पाव्हणं, ऐका जरा."

प्रदीपनं मूठ कानाला लावली. त्याला स्वतःच्या छातीचे ठोके ऐकू आले. वरच्या मजल्यावर शिवलिंगप्पांचा मिक्सर ऐकू आला. चाकाचा आवाज म्हणाल तर काहीही नव्हता.

"येतोय का?" त्रिंबकरावांनी विचारलं. "हबचा आवाज. बेअरिंगचा. गुंगुं गुंगुं."

इथंच प्रदीपनं 'नाही' म्हटलं असतं तर सगळे साडेआठला माढ्याच्या वाटेला असते. पण हबातल्या माणसाला हबचा आवाज येत नाही म्हणजे काय? प्रदीपनं कपाळाला आठ्या घातल्या आणि मान हलवली.

"हो. आहे... थोडासा."

"बघा! तुमास्नी बी आला. मग आता उघडून बघाया पायजे. असलं बेअरिंग घेऊन मोठ्या रस्त्याला लेकराबाळांना न्यायचं?"

गाडीत लेकरंबाळं जाणारच नव्हती. प्रदीपची दोन्ही मुलं शुक्रवारपासून मामाच्या घरी माढ्यातच होती. पण हे सांगायचं प्रदीपला सुचलं नाही.

साडेआठ वाजले. प्रदीपची बायको धम्मप्रिया पांढरी साडी नेसून, केस बांधून जिन्यात आली. खाली गाडी जॅकवर, चाक भिंतीला टेकवलेलं, कॅलिपर तारेनं लटकवलेलं आणि बाप जमिनीवर मांडी घालून बसलेला.

"अहो, काय करायलात? पॅड बदलायचे होते ना?"

"हबमधून आवाज येतोय," प्रदीप हळूच म्हणाला.

"कुणाला?"

"दोघांनाही."

धम्मप्रियानं नवऱ्याकडे पाहिलं. तो कारखान्यात काय करतो ते तिला चांगलं ठाऊक होतं. ती काही बोलणार तेवढ्यात तिचा फोन वाजला. सुगत होता. "निघालोच," असं सांगून तिनं फोन ठेवला.

हबच्या मध्यभागी एक जाडजूड नट होता. त्रिंबकरावांच्या पिशवीत त्या मापाचा पाना नव्हता. तो शोधायला पंचवीस मिनिटं गेली आणि शेवटी वर राहणाऱ्या शिवलिंगप्पांकडे मिळाला. शिवलिंगप्पा मूळचे अक्कलकोटकडचे. रिटायर झाल्यापासून दुसऱ्याच्या कामात लक्ष घालायला मोकळे होते. पाना घेऊन ते स्वतःच खाली आले आणि खुर्ची टाकून बसले.

"येन्री, काय हो पाव्हणे, नट निघेना का? पाइप घाला की मागं. पाइप आहे माझ्याकडं."

पाइप आला. पाइपला प्रदीप लोंबकळला. नट हलला नाही, पण जॅकवरची गाडी हलली, तेव्हा सगळे एकदम मागे सरले. त्रिंबकरावांनी गाडीखाली स्टेपनीचं चाक आडवं सरकवलं आणि शांतपणे म्हणाले, "असं जबरीनं न्हाय निघायचं. डिझेल सोडू आन् तासभर मुरू देऊ."

"तासभर?" प्रदीपचा आवाज चिरकला. "मामा, नऊ वाजून गेले!"

"लोखंडाला घाई चालत न्हाय, पाव्हणं."

एवढं बोलून ते शिवलिंगप्पांबरोबर वर गेले. शिवलिंगप्पांच्या बायकोनं, रत्नम्मावहिनींनी, उप्पीट केलं होतं म्हणे.

प्रदीप गाडीभोवती फिरू लागला. एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं. घड्याळ बघायचा, नटाकडे बघायचा, पुन्हा घड्याळ बघायचा. नटावरून डिझेलचा एक थेंब ओघळला आणि खाली पडला. ते मुरतंय की वाहून जातंय, हे त्याला कळेना. त्यानं फाटक उघडून बाहेर नजर टाकली, जणू रस्त्यावरून दुसरी एखादी गाडी आपणहून आत येणार होती. पुन्हा फाटक लावलं. शेवटी हात धुवायला तो स्वयंपाकघरात गेला, तर सासूबाई, चांगुणाबाई, ओट्याशी शांत बसून माढ्याला न्यायचे लाडू डब्यात भरत होत्या. नेसलेलं नवं लुगडं त्यांनी पदर खोचून सांभाळलं होतं.

"मामी, उशीर होतोय हो. तुम्ही तरी सांगा मामांना."

"त्यास्नी म्हाईत हाय की उशीर हुतोय," चांगुणाबाई म्हणाल्या. "त्येच तर पायजे त्यास्नी."

प्रदीप साबण हातात घेऊन तसाच उभा राहिला.

"बसा हितं," त्या म्हणाल्या. आणि मग लाडू भरता भरता त्यांनी सांगितलं. सुगतचं घर बांधून होत आलं, तेव्हा त्रिंबकराव म्हणाले, गेट मी बनवतो. घरी मागच्या अंगणात वेल्डिंग करतो, चांगलं जाड पत्र्याचं करतो. दोन महिने त्यांनी कागदावर चित्रं काढली. रोज वेगळं चित्र. एक दिवस सुगतचा फोन आला, 'बाबा, तुमी कशाला उन्हात त्रास घेता? तयार मिळतंय, सरकतं गेट. बसवलं बी.' "त्या दिवसापास्नं ह्यांनी कागद गुंडाळून ट्रंकेत टाकला. म्हणले, ज्या घराला माझ्या हाताची गरज न्हाय, त्या घरात मी काय करू? मी लई समजावलं. लोक काय म्हणतील म्हणून यायला तयार झालं. पर हितनं निघायचं नाव न्हाय. तुमच्या चाकाचं निमित्त घावलं बघा."

"म्हणजे बेअरिंगचा आवाज..."

"मला काय कळतंय त्यातलं? तुमास्नी बी आला म्हणं की आवाज."

प्रदीपनं साबण खाली ठेवला. त्याला एकाच वेळी सासऱ्यांची दया आली, स्वतःची लाज वाटली आणि घड्याळात दहा वाजलेले दिसले. या तिन्हींचं मिळून त्याच्या डोक्यात एक धाडस तयार झालं. हब ठीक आहे, तर मग उघडायचाच कशाला? नवे पॅड बसवायचे, चाक चढवायचं, संपलं. डाव्या बाजूचं काम त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. मामा वर उप्पीट खात आहेत तोवर आपण उरकून टाकू. खाली आल्यावर गाडी तयार दिसली की त्यांना नाही म्हणता येणार नाही.

तो खाली धावला. शिकंजा घेऊन त्यानं लटकत्या कॅलिपरमधला पिस्टन आत दाबला. छान बसला. पॅड हातात घेतले. मग त्याला आठवलं की मामांनी पॅडल मारायला लावलं होतं. आधी की नंतर? डाव्या चाकाच्या वेळी तो स्वतः गाडीत बसला होता, त्यामुळे त्या वेळी बाहेर काय काय लागलेलं होतं हे त्यानं पाहिलं नव्हतं. त्यानं विचार केला की पॅडल मारून पिस्टन नीट हलतो का ते आधीच बघून घेतलेलं बरं. खात्रीचं काम.

तो गाडीत बसला आणि पॅडल मारलं. पाय थेट खाली गेला. पहिल्या वेळी असंच झालं होतं, म्हणून त्यानं दुसऱ्यांदा मारलं. तिसऱ्यांदा मारलं. चौथ्या वेळी बाहेर 'फच्च' असा आवाज झाला, काहीतरी लोखंडी टणकन फरशीवर पडलं आणि घरंगळत गेलं.

प्रदीप उतरला. कॅलिपर तारेला लटकत होतं. त्यात थाळी नव्हती, पॅड नव्हते, दाबाला अडवणारं काहीच नव्हतं, म्हणून पिस्टन सरळ बाहेर उडून जिन्याच्या पहिल्या पायरीशी जाऊन थांबला होता. त्याच्यामागून ब्रेक ऑइल भळाभळा वाहत होतं. फरशीवर, भिंतीवर आणि समारंभासाठी इस्त्री करून घातलेल्या प्रदीपच्या पांढऱ्या शर्टावर.

नेमक्या त्याच वेळी वरच्या गॅलरीतून त्रिंबकरावांचा आवाज आला. ते फोनवर होते आणि त्यांचा फोनवरचा आवाज तीन घरं ऐकू जाई.

"काय? अडकलं? कसं अडकलं? ...रोलर निघाला? ...टेम्पो बाहेर? आन् आचारी? ...मी म्हणलं नव्हतं का, तयार गेट म्हंजी तीन दिवसाचं खेळणं? ...हात लावू नका कुणी! ढकलू बी नका, वाकडं हुईल! मी आलो. व्हय, सोता येतोय. निघालोच!"

आणि ते दोन-दोन पायऱ्या उतरत खाली आले. सकाळपासूनचा चेहरा पार बदलला होता.

"पाव्हणं, चला! सुगतचं गेट मधीच अडकलंय. एक माणूस आडवा हुऊन जाईल एवढंच उघडं हाय. भांड्यांचा टेम्पो बाहेर, आचारी बाहेर, चूल पेटली न्हाय. ते बेअरिंग राहू द्या, काय झालं न्हाय त्याला. चाक चढवा आन् निघू..."

शेवटच्या पायरीवर त्यांचा पाय पिस्टनला लागला. त्यांनी तो उचलला. मग प्रदीपच्या शर्टाकडे पाहिलं.

"पॅडल मारलं?"

"मारलं."

"कॅलिपर लटकत असताना?"

"...हो."

शिवलिंगप्पा मागून येऊन ऑइलचं तळं बघत म्हणाले, "अय्यो, आता गाडी थांबायची नाही हो."

प्रदीपला वाटलं, आता बोलणी बसणार. पण त्रिंबकराव ओरडले नाहीत. त्यांनी फक्त घड्याळ पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदाच. सव्वादहा. "इमामसाबचं दुकान उघडलं असंल. ब्रेक ऑइल आणा. बाटली फोडलेली नको, सीलबंद. पळा!"

प्रदीप तसाच, तेलकट शर्टात, स्कूटरवर बसला. दुकानात इमामसाबची सून यास्मीन गल्ल्यावर होती. तिनं शर्टाकडे पाहिलं आणि कपाटाकडे वळत विचारलं, "ब्रेक ऑइल ना? डॉट तीन का डॉट चार?"

"कुठलंही चालेल."

"कुठलंही कैसे? टाकीच्या ढक्कन पे लिखा रहता."

प्रदीपला ढक्कन आठवेना. त्यानं घरी फोन लावला. धम्मप्रियानं ढक्कन पाहून सांगितलं, "तीन." यास्मीननं बाटली दिली आणि सहज म्हणाली, "पिस्टन बाहर आया क्या? पॅडल कोण मारलं?"

"शेजाऱ्यानं," प्रदीप म्हणाला आणि स्कूटरला किक मारली.

तो परतला तेव्हा त्रिंबकरावांनी धोतर गुडघ्यापर्यंत वर खोचलं होतं. धम्मप्रियाची एक स्वच्छ जुनी साडी फाडून चिंध्या केल्या होत्या. नव्या ऑइलनं त्यांनी पिस्टन धुतला, बोटानं रबराची कड चाचपली आणि म्हणाले, "रबर शाबूत हाय. नशीब." पिस्टन आत गेला, पॅड बसले, कॅलिपर थाळीवर बसलं, बोल्ट आवळले. हे सगळं वीस मिनिटांत झालं. सकाळी याच माणसाला एका नटाला डिझेल पाजायला तास लागत होता.

"आता नळीत हवा शिरलीया. ती काढायची," ते म्हणाले. "तुमी बाहेर, मी गाडीत. मी पॅडल दाबतो. ही कॅलिपरची घुंडी दिसती का? मी 'धरलं' म्हणलं की घुंडी सैल करायची, ऑइल येईल, बुडबुडं येतील, लगीच आवळायची. आवळल्यावर मला 'सोडा' म्हणायचं. त्याआधी मी पाय सोडला तर हवा परत आत. समजलं का? आता तुमी सांगाल तसं मी ऐकणार."

सासऱ्यांना हुकूम सोडायची प्रदीपची ही पहिलीच वेळ.

"दाबा, मामा!"

"धरलं!"

घुंडी सैल. फस्स. बुडबुडे. घुंडी घट्ट.

"सोडा!"

"सोडलं!"

"दाबा!"

सात-आठ वेळा असं झालं. धम्मप्रिया टाकीत ऑइल घालत होती आणि माढ्याहून येणारे फोन खांदा आणि कानात धरून घेत होती. "हो रे सुगत, आता खरंच निघतोय." शिवलिंगप्पा खुर्चीवरून बुडबुडे मोजत होते.

"पाव्हणं," आतून त्रिंबकराव एकदम म्हणाले, "धरलं. एक इचारू?"

"विचारा."

"तुमी कारखान्यात नेमकं काय करता?"

घुंडीवरचा प्रदीपचा हात थांबला. ऑइलचा एक मोठा थेंब त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत गेला. त्यानं घुंडी आवळली.

"खोकी भरतो, मामा. हब मोजतो आणि खोक्यात घालतो. डिस्पॅचला आहे. सोडा."

"सोडलं." त्रिंबकरावांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "मग सकाळी बेअरिंगचा आवाज कसा आला तुमास्नी?"

"तुम्हाला आला म्हणून मला आला. दाबा."

"धरलं," त्रिंबकराव म्हणाले. आणि मग, जरा खालच्या आवाजात, "मला बी आला नव्हता."

जिन्यावर बसलेल्या चांगुणाबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. त्यांचं बघून धम्मप्रिया हसली आणि टाकीतलं ऑइल थोडं बाहेर सांडलं. प्रदीपला हसायला वेळ नव्हता. तो घुंडीकडे बघत होता. या खेपेला बुडबुडा आला नाही.

बाराला पंधरा मिनिटं कमी असताना गाडी फाटकाबाहेर पडली. गल्लीत दोनदा जोरात ब्रेक मारून बघितला आणि दोन्ही वेळा गाडी जागच्या जागी थांबली. शर्ट बदलायला प्रदीपला कुणी वेळ दिला नाही. "हळू चालवा" असं म्हणणारे त्रिंबकराव मोहोळच्या पुढे म्हणायला लागले, "जरा दाबा की पाव्हणं. मोकळा हाय रस्ता." समोर एखादा उसाचा ट्रॅक्टर आला की ते सीटवर पुढे सरकायचे आणि माढ्यापर्यंत उरलेल्या अंतराचा हिशेब मोठ्यानं करायचे. मागच्या सीटवर चांगुणाबाईंनी लाडवांचा डबा दोन्ही हातांनी धरला होता.

ते माढ्यात पोचले तेव्हा दीड वाजत आला होता. नव्या घरासमोर तीस-चाळीस माणसं उन्हात उभी होती. टेम्पोतली भांडी टेम्पोतच होती. भन्तेजी बारानंतर जेवत नाहीत, म्हणून त्यांचं भोजन शेजारच्या घरी बाराच्या आत उरकलं होतं, पण वंदना थांबवली होती. प्रदीपच्या दोन्ही मुलांनी त्याचा शर्ट बघून त्याच्याजवळ यायचं टाळलं. चकचकीत निळं गेट अर्ध्यावर तिरकं होऊन अडकलं होतं.

सुगत पुढे आला. "जयभीम बाबा," म्हणून वाकला. त्रिंबकरावांनी "जयभीम" म्हटलं, पण त्यांचे डोळे गेटवर होते. हत्यारांची पिशवी घेऊन ते तडक खाली बसले. गर्दी भोवती जमली. त्यांनी गेटच्या खालच्या कडेवरून बोट फिरवलं, एका कोपऱ्याशी थांबले, वाकून पाहिलं. ज्यावर गेट सरकतं तो रोलर एका बाजूला कलंडला होता. त्याला धरणारा बोल्ट जागेवर नव्हता.

"कधी निघाला ह्यो?" त्यांनी न वळता विचारलं.

"सकाळी," सुगत म्हणाला. "दहाच्या सुमारास. धक्का बसला असंल कशाचा तरी. बोल्ट कुटं उडाला काय म्हाईत. लई शोधला आमी."

पाहुण्यांनी मान हलवली. खरंच शोधला होता. सगळ्यात जास्त सुगतनं शोधला होता, असंही एक जण म्हणाला.

त्रिंबकरावांनी बोल्टाच्या रिकाम्या भोकात करंगळी घातली. कड घासलेली नव्हती, वाकलेली नव्हती. धूळसुद्धा पुसलेली होती. ते करंगळी काढून मागे सरले. मग पिशवी सुगतकडे सरकवत म्हणाले, "सतरा नंबरचा पाना दे."

सुगतनं पिशवीत हात घातला. "सतराचा सैल हुईल, बाबा," तो म्हणाला. "चौदाचा लागंल."

बोलून गेल्यावर त्याचा हात पिशवीतच थांबला.

हरवलेल्या बोल्टाला चौदाचा पाना लागतो हे सुगतला आधीच ठाऊक आहे, हे गर्दीत कुणाच्याच लक्षात आलं नाही. प्रदीपच्या आलं. त्यानं त्रिंबकरावांकडे पाहिलं. ते गेटकडेच बघत होते.

"व्हय," ते म्हणाले. "चौदाचाच लागंल."

त्यांनी मागे न बघता हात पसरला. सुगतनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, एक पाऊल पुढे येऊन वडिलांच्या आणि गर्दीच्या मध्ये उभा राहिला, आणि सदऱ्याच्या खिशातून बोल्ट काढून त्यांच्या तळहातावर ठेवला.

"नट?"

दुसऱ्या खिशातून नट निघाला.

"वायसर?"

सुगतनं दोन्ही खिसे चाचपले. मग विजारीचे चाचपले. मग पुन्हा सदऱ्याचे उलटे करून पाहिले. त्याचा चेहरा पडला.

"बाबा," तो कुजबुजला, "वायसर मातूर खरंच हरवलंय."